चाळीस लाद्या

यासीन मिस्त्रीनं दार घासलं तेव्हा
चार रंग निघाले.
वर पांढरा, मग लाल, मग कसलासा राखी,
आणि पत्र्याला चिकटून होडीचा निळा.
"काका, तुमच्या वेळचा कुठला?"

वागळे इस्टेटमधली शेड. लाकडी ठोकळ्यांवर फार्गो उभी,
चाकं काढलेली,
ऑपरेशनला नेताना बाईच्या बांगड्या काढतात तशी.

मी सोळाव्या वर्षी चढलो हिच्यावर. क्लीनर.
पगार पंचेचाळीस, शिवाय इनासमामाच्या शिव्या.
पहाटे साडेतीनला रतनशीच्या कारखान्यातून
चाळीस लाद्या.
आकडा लावायचा, ओढायच्या,
खाली तूस, वर तूस, त्यावर गोणपाट,
आणि गोणपाटावर पालथा मी,
भर वैशाखात पोटाखाली थंडी घेऊन.

चेंदणीच्या बंदरापर्यंत
आमची ओली रेघ पडायची रस्त्यावर.
कुत्री ती चाटत यायची.
निघताना चाळीस, पोचताना चाळीसच,
पण प्रत्येक लादी जराशी कमी.
रतनशीशेठ हे धरून चालायचे. हिरूबाय नाखवीण नाही.
टोच्यानं कोपरा ठोकून म्हणायची,
"पानी आनलास रं, बरफ कटं हाय?"
इनासमामा स्टेअरिंगवर कपाळ टेकून हसायचा.
आयुष्यात मी हा एकच माल पाहिला
जो रोज वाटेत जायचा
आणि कुणाचंच नाव यायचं नाही.

कारखाना बंद झाला. गाडीनं मग रद्दी वाहिली, विटा वाहिल्या,
आणि कोलशेतला एका बंद कंपनीच्या कुंपणाशी
सतरा वर्षं काहीच वाहिलं नाही.
बॉनेटखाली मुंगसाचं बिऱ्हाड होतं म्हणे.
शेठच्या नातवानं, निमेषनं, शोधून आणली.
त्याच्याकडे एकच फोटो, त्यात सगळंच राखी,
गाडी, शेठ, दसऱ्याचा झेंडू.
म्हणून मला बोलावलं. रंगाचा साक्षीदार.

खरं सांगतो, मला आठवेना.
पहाटे साडेतीनला रंग नसतो.
होता तो आवाज, दुसऱ्या गिअरचा, घसा खाकरल्यासारखा,
आणि मामाच्या विडीचं टोक.
तरी मी निळ्यावर बोट ठेवलं.
त्या शेडमध्ये तो एकच रंग
ओला दिसत होता.

जानेवारीत घोडबंदर रोडला, मॉलपुढं,
जुन्या गाड्यांचा मेळा भरला.
भोवती दोरी. हात लावू नये.
दारावर सोनेरी अक्षरं, चार आकडी फोन नंबर.
मागच्या फळ्यांना एवढं पॉलिश
की तुसाचा कण ठरायचा नाही.
पाटीवर इंजिन, गिअर, टायर, सगळं लिहिलेलं,
आणि शेवटी: मूळ रंग, निळा.
एक पोरगी बापाला म्हणाली, कित्ती छान ना ओरिजिनल.
मी टोपी नीट केली.

मग काय वाटलं कुणास ठाऊक.
रसवाल्याकडून वीस रुपयांचा तुकडा घेतला,
पंचात गुंडाळला,
आणि निमेषचं भाषण चालू असताना
दोरीखालून वाकून
मागच्या कोपऱ्यात ठेवून आलो.
गुडघे वाजले, पण टाळ्याही वाजत होत्या.

पाऊण तासानं वॉचमननं शिट्टी मारली.
"साहेब, गाडी गळतेय!"
बारीक रेघ, चाकामागून निघून
लोकांच्या बुटांकडे चाललेली.
माणसं पाय मागं घेत होती.
निमेषचा चेहरा पांढरा.
यासीन नव्या शर्टासकट आडवा झाला गाडीखाली,
बोट बुडवलं, हुंगलं,
जिभेला लावलं.

उठला. गर्दीत मला शोधलं, सापडलो.
"काय आहे? कूलंट? ब्रेक ऑइल?" निमेष विचारत होता.

"नाही शेठ," यासीन शर्ट झटकत म्हणाला,
"माल आहे."